२४ मार्चला अर्जेंटिनाच्या टीमला बॅनर पाठवायचा का?

खराडीकर_मृ

नमस्कार मंडळी. प्रश्न ऑफिसचा आहे पण ऑफिसात कोणाला विचारावं कळेना म्हणून इथे टाकतेय.

मी खराडीला एका कंपनीत आहे, आमचं टेस्टिंग अर्धं इथून चालतं आणि अर्धं ब्युनोस आयर्समधून. एचआरला सगळ्या देशांच्या सगळ्या सुट्ट्यांना ग्रुपवर बॅनर टाकायची भारी हौस. ९ जुलैला त्यांचा स्वातंत्र्यदिन असतो तेव्हा निळे-पांढरे फुगे लावून टाकला होता, तिकडची मंडळी खूश झाली. आता २४ मार्चला त्यांना सुट्टी आहे, कॅलेंडरवर नुसतं 'स्मृतिदिन' असं काहीतरी दिसतंय, तर डिझाइनवाल्या पोराने तेच फुगे, मध्ये एक कबुतर आणि खाली 'हॅपी मेमरी डे, मेक नाइस मेमरीज' असं करून माझ्याकडे ओके करायला पाठवलंय, कारण त्यांच्याशी रोजचं बोलणं माझं असतं.

मी जरा शोधलं तर लष्करी राजवट, हजारो माणसं गायब, असं काय काय आलं आणि पोटात गोळाच आला. मला अर्जेंटिना म्हणजे मॅराडोना आणि मेस्सी, २०२२ च्या फायनलनंतर एफसी रोडवर नाचणाऱ्यात मी पण होते, त्यापलीकडे शून्य. तर नक्की काय झालं होतं तिथे? लोक हा दिवस कसा पाळतात? आणि आपण बाहेरच्यांनी काही म्हणावं की गप्प बसावं? तिकडच्या टेस्ट लीड बाई पन्नाशीच्या पुढच्या आहेत, त्यांना थेट विचारलं तर आगाऊपणा होईल का?

नारायणपेठी

बॅनर आधी डिलीट करा, चर्चा नंतर. आणि ते 'मेक नाइस मेमरीज' ज्याने लिहिलंय त्याला पण एक दिवस सुट्टी द्या, वाचनासाठी.

अनघा_स्पॅनिशवाली

मृ, बॅनर अजिबात नको. जरा मोठं लिहितेय, चहा घेऊन बस. मी रानडेमध्ये स्पॅनिश शिकले आणि पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे ब्युनोस आयर्सला राहिले, त्यामुळे काही वाचलेलं आहे आणि काही बघितलेलं.

२४ मार्च १९७६ ला लष्कराने इसाबेल पेरॉनचं सरकार पाडलं, म्हणजे यंदा, २०२६ मध्ये, बरोबर ५० वर्षं झाली, त्यामुळे या वर्षी तर फारच जपून. भूदलाचा विदेला, नौदलाचा मासेरा आणि हवाईदलाचा अगोस्ती या तिघांनी सत्ता हातात घेतली. संसद बरखास्त, पक्ष बंद. देशात त्याआधी गोंधळ होताच हे पण सांगायला हवं, मोन्तोनेरोस आणि ईआरपी अशा सशस्त्र संघटना अपहरणं नि बॉम्बस्फोट करत होत्या, दुसरीकडून उजव्या टोळ्या माणसं मारत होत्या, महागाईने लोक टेकीला आलेले, त्यामुळे बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत 'चला, आता शिस्त तरी येईल' असं वाटलं होतं. हे मला तिथल्या एका शेजारणीनेच सांगितलं, आणि सांगताना तिने आधी खिडकी लावून घेतली होती, आता कोणी ऐकायला नसतानाही.

मग रात्री साध्या कपड्यातली माणसं यायची, बऱ्याचदा नंबरप्लेट नसलेली हिरवी फोर्ड फाल्कन, दार फोडून माणूस उचलायचा आणि जाताना घरातलं सामानही लुटायचं. कामगार संघटनावाले, विद्यार्थी, पत्रकार, वकील, आणि नुसतं कोणाच्या तरी डायरीत नाव सापडलं म्हणून उचललेले. दुसऱ्या दिवशी घरचे पोलीस चौकीवर गेले तर नोंद नाही. छावणीवर गेले तर नोंद नाही. कोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे 'ताब्यातला माणूस कोर्टापुढे आणा' असा अर्ज, टाकला तर सरकारचं उत्तर की असा माणूस आमच्या ताब्यात नाही, की अर्ज फेटाळला. देशभर असे शेकडो गुप्त अड्डे होते. सगळ्यात कुप्रसिद्ध एस्मा, नौदलाची तंत्रशाळा, ती कुठे जंगलात नाही, शहरातल्या मोठ्या हमरस्त्याला लागून. तिथे साधारण ५,००० लोकांना नेलं, वाचले ते थोडे. 'तुमची बदली आहे, लस घ्या' असं सांगून गुंगीचं इंजेक्शन द्यायचं आणि विमानातून जिवंतपणी नदीत किंवा समुद्रात टाकायचं. हे कोणा विरोधकाचं सांगणं नाही, अडोल्फो सिलिंगो नावाच्या नौदलाच्याच अधिकाऱ्याने १९९५ मध्ये स्वतः कबूल केलं. त्यातलं एक विमान पुढे अमेरिकेत सापडलं, २०२३ मध्ये परत आणून एस्मातच उभं केलंय. एस्मा आता स्मारक आहे आणि जागतिक वारशाच्या यादीतही आहे.

आता आया. तुला फोटोत पांढरे रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या दिसल्या असतील, त्या. ३० एप्रिल १९७७ ला १४ जणी प्लासा दे मायोला जमल्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीच्या समोरचा चौक. जमावबंदी होती, पोलीस म्हणाले इथे उभं राहायचं नाही, चालत राहा. तर त्या दोघी दोघी हातात हात घालून चालायलाच लागल्या, आणि मग दर गुरुवारी साडेतीनला, ते आजपर्यंत. डोक्याला बांधायला घेतले ते पोरांच्या लहानपणीचे लंगोट. त्यांच्यात पुढाकार घेणारी असुसेना विय्याफ्लोर. नौदलाचा अस्तिज नावाचा अधिकारी 'माझा पण भाऊ गायब आहे' असं सांगून या बायकांमध्ये मिसळला, सगळ्यांना हेरून ठेवलं, आणि डिसेंबर १९७७ मध्ये असुसेनालाच उचललं. तिचा मृतदेह समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकला होता, निनावी म्हणून पुरला, ओळख पटायला २००५ उजाडलं. तिची रक्षा आता त्याच चौकात आहे.

दिवस कसा पाळतात: दुपारी मोर्चा त्या चौकाकडे जातो, सगळ्यात पुढे एक लांबच लांब कापड असतं, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यावर बेपत्ता लोकांचे पासपोर्ट साइझ ब्लॅक अँड व्हाइट फोटो, आणि ते कापड दोन्ही बाजूंनी माणसं धरून चालतात. ढोल असतात, कडेवर पोरं असतात, कडेला सॉसेज भाजणाऱ्यांचा धूर असतो. दुखवट्याची शांतता वगैरे काही नाही, गर्दी आणि घोषणा. हे मला पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं.

पण माझ्या डोक्यात जास्त राहिलं ते पेपरातलं. 'पाखिना दोसे' म्हणून एक दैनिक आहे, त्यात १९८८ पासून घरचे लोक छोट्या चौकटी देतात. फोटो, नाव, आणि तारीख. तारीख मृत्यूची नाही, उचलून नेल्याची, कारण दुसरी कुठली तारीख घरच्यांकडे नाहीच. फोटोतला पोरगा बावीस वर्षांचा, सत्तरच्या दशकातले लांब कल्ले, आणि खाली ज्या भावाचं नाव असतं तो आता सत्तरीचा.

कायदा २००२ चा, सुट्टी २००६ पासून. आणि तुमच्या एचआरला हे मुद्दाम सांग, २०१७ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने ही सुट्टी लाँग वीकेंडला जोडता येईल असं करून बघितलं होतं, इतका गदारोळ झाला की मागे घ्यावं लागलं.

बाईंना विचार की. फक्त 'तुमच्या घरातलं कोणी गेलं का' असं पहिल्याच वाक्यात विचारू नकोस.

टेकडीफिरस्ता

अनघाताई, जबरदस्त प्रतिसाद. वाचताना एक आलं मनात, चुकीचं असेल तर सांगा. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं आपण सर्वपित्रीला करतो. माझा एक चुलत आजा घर सोडून गेला तो आलाच नाही, त्याचं पान आमच्याकडे सर्वपित्रीलाच वाढतात. तर हा २४ मार्च म्हणजे अख्ख्या देशाची सर्वपित्री असं म्हणता येईल का?

अनघा_स्पॅनिशवाली

@टेकडीफिरस्ता, मला पण आधी हेच वाटलं होतं, पण त्या आयांसमोर हे बोलला असतात तर त्या भडकल्या असत्या हो. कारण सर्वपित्री करायची म्हणजे माणूस गेला हे आधी मान्य करायचं, आणि त्यांचं भांडण नेमकं तिथेच होतं. त्यांची घोषणा काय तर 'जिवंत नेलंत, जिवंत परत आणा'.

आणि त्यामागे नुसती माया नव्हती. १९७९ मध्ये विदेलाच्या सरकारने एक कायदा काढला की बेपत्ता माणसाला कोर्टातून मृत घोषित करता येईल. वरवर बघितलं तर सोयीचं, बायकोला पेन्शन मिळेल, घर नावावर होईल. पण मेला कसा, मारला कोणी, हे न विचारता नुसता 'मेला' असा शिक्का. आयांनी विरोध केला. त्याच वर्षी पत्रकार परिषदेत विदेलाला विचारलं तर तो गृहस्थ शांतपणे म्हणाला की बेपत्ता माणूस मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही, तो बेपत्ता आहे.

पुढे लोकशाही आल्यावर या आयांमध्येच यावरून फाटाफूट झाली. १९८६ मध्ये दोन गट पडले, एक एबे दे बोनाफिनीचा, त्यांचं म्हणणं आम्हाला हाडं नकोत, नुकसानभरपाई नको, आधी गुन्हेगार द्या. दुसरा गट संस्थापक म्हणवणाऱ्यांचा, त्यांच्यातल्या कित्येकींना वाटत होतं की निदान हाडं मिळाली तर एकदा पुरून मोकळं होऊ. दोघींपैकी कोण बरोबर हे मी कोण सांगणार. शेवटी १९९४ मध्ये कायद्याने वेगळीच वर्गवारी केली, 'सक्तीने बेपत्ता केल्यामुळे अनुपस्थित'. म्हणजे घरच्यांना वारसाहक्क वगैरे मिळतात आणि तो मेला असं मात्र कोणाला लिहून द्यावं लागत नाही. आपल्याकडे सात वर्षं पत्ता लागला नाही की मृत धरता येतं, तिथे ती वाटच नको म्हणाले.

टेकडीफिरस्ता

बापरे. मग माझी सर्वपित्री मागे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली पान वाढणं वेगळं आणि दाखल्यावर सही करणं वेगळं. तिचं काही चुकत नाही असं वाटतंय.

खडकीकाका

मी फार लिहीत नाही इथे, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही खडकीचे, आमच्याकडे क्रिकेटच्या आधी हॉकी. १९७५ ला क्वालालंपूरला आपण वर्ल्ड कप जिंकलो होतो, पाकिस्तानला हरवून, अशोककुमारचा गोल. पुढचा वर्ल्ड कप कुठे होता माहितीये का कोणाला? ब्युनोस आयर्सला. मार्च १९७८. १८ मार्चला सुरू होऊन २ एप्रिलला संपला, म्हणजे त्या लष्करी उठावाचा दुसरा वाढदिवस स्पर्धेच्या मध्येच येऊन गेला. आपण गतविजेते म्हणून गेलो आणि सहावे आलो, कप पाकिस्तानने नेला. आमच्या गल्लीत त्या सहाव्या नंबराचं सुतक महिनाभर होतं. कोणाला खेळवलं, कोणाला बसवलं, फेडरेशनचं काय चुकलं, सगळ्यावर चर्चा. आणि ज्या शहरात आपली पोरं खेळून आली तिथे त्याच वेळी हे चाललंय याचा एक शब्द आम्हाला माहीत नाही. मला हे कळलं रिटायर झाल्यावर.

मग जूनमध्ये तिथेच फुटबॉलचा वर्ल्ड कप. फायनल २५ जूनला, हॉलंडला ३-१ हरवलं एक्स्ट्रा टाइममध्ये, केम्पेसचे दोन गोल. पासारेलाला कप देताना शेजारी तो विदेला उभा आहे, फोटो बघा, मिशीवाला. हे ताईंनी लिहिलेलं एस्मा त्या रिव्हर प्लेटच्या स्टेडियमपासून अगदी जवळ. आत डांबलेल्या आणि पुढे वाचलेल्या लोकांनी सांगितलंय की गोल झाला की स्टेडियमचा आवाज आत यायचा. मी हॉकीचा माणूस, त्या आवाजाची किंमत मला माहितीये. आता ती मॅच यूट्यूबवर लागली की मी पुढे ढकलतो.

सदाशिव_४११०३०

काका, तुमचा प्रतिसाद भारी. पण मंडळी, एवढं लांब जायची गरज काय? आपल्याकडे २५ जून आहे की, १९७५ च्या आणीबाणीचा. २०२४ मध्ये केंद्र सरकारने अधिकृतपणे 'संविधान हत्या दिवस' जाहीर केला. पुण्यातले किती लोक येरवड्यात होते, संघाचे होते, समाजवादी होते, सरसंघचालक देवरस स्वतः होते. दुर्गाबाई भागवत कराडच्या संमेलनात अध्यक्ष म्हणून उभं राहून बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. फरक काय आहे मला सांगा. इकडचं बोलायचं नाही आणि अर्जेंटिनावर हळहळायचं, हे काही बरोबर नाही.

नारायणपेठी

आला. मी वाटच बघत होतो किती प्रतिसादांनंतर येतोय.

मीनल_सहकारनगर

@सदाशिव, उपरोध बाजूला ठेवून उत्तर देते, कारण आमच्या घरात येरवडा आहे. माझे सासरे मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, आत होते. सासूबाई भेटीला जायच्या, पत्रं सेन्सॉर होऊन काळी पट्टी मारून यायची पण यायची. घरात उत्पन्न बंद, नातेवाइकांनी तोंड फिरवलं, सगळं भोगलं. पण सासूबाईंना नवरा कुठे आहे हे माहीत होतं. बराक नंबर माहीत होता. त्यांचं नाव एका रजिस्टरात होतं. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, सरकार पडलं, सासरे घरी आले, पुढे पुष्कळ वर्षं जगले आणि प्रत्येक गणपतीत तुरुंगातले तेच तेच किस्से सांगून आम्हाला पिडलं. तर सगळ्यात मोठा फरक हा रजिस्टरचा आहे. आणि आपलं जे झालं ते लष्कराने केलेलं नव्हतं, निवडून आलेल्या सरकारने घटनेतलंच कलम वापरून केलं, त्याची लाज वेगळी.

पण तुम्ही म्हणता ते पूर्ण खोटं नाही. २८ एप्रिल १९७६ ला आपल्याच सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असं ठरवलं की आणीबाणीत माणूस हेबियस कॉर्पस मागू शकत नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. म्हणजे तिकडे आया कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या त्याच महिन्यांत आपलं कोर्ट दार लावून घेत होतं. आणि केरळात राजन नावाचा इंजिनीअरिंगचा मुलगा, मार्च १९७६ मध्ये पोलिसांनी कॉलेजातून उचलला तो कायमचाच. त्याचे वडील, ईचर वारियर, हिंदीचे प्राध्यापक, आणीबाणी उठल्यावर हायकोर्टात गेले तेव्हा कुठे पोलिसांचं खोटं बाहेर आलं, मुख्यमंत्री करुणाकरनना राजीनामा द्यावा लागला. मृतदेह कधीच मिळाला नाही. तुम्हाला तुलना करायचीच असेल तर येरवड्याशी करू नका, या वडिलांशी करा.

सदाशिव_४११०३०

मीनलताई, राजनचं माहीत नव्हतं. वाचतो. २५ जूनबद्दलचं माझं मत तेच आहे, पण रजिस्टरचा मुद्दा मान्य.

खराडीकर_मृ

एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, काका तुमचा तर आमच्या ग्रुपवर भाषांतर करून टाकावासा वाटतोय.

अपडेट: बॅनर रद्द. एचआरची मुलगी आधी 'मग रंग बदलून काळा-पांढरा करूया का' म्हणाली, तिला अनघाताईंचा प्रतिसाद वाचायला दिला, अर्ध्या तासाने नुसता 'ओके' आला. ग्रुपवर एवढंच टाकतोय की २४ ला पुण्याची टीम सपोर्ट बघेल, त्या दिवशी तुम्हाला कोणी कॉल करणार नाही. लीड बाईंना मी वेगळं लिहिलं की या दिवसाबद्दल वाचतेय. त्यांचं उत्तर आलं की त्या चौकात जाणार आहेत, लेकीला घेऊन. आणि खाली एक ओळ, की आमच्याच ऑफिसात सगळ्यांचं यावर एकमत नाही, तर ग्रुपवर आकडे वगैरे टाकू नकोस. हे आकड्याचं काय प्रकरण आहे?

चष्मिस्ट

आकड्याचं प्रकरण मोठं आहे. लोकशाही आल्यावर राष्ट्राध्यक्ष अल्फोन्सिनने चौकशी आयोग नेमला, लेखक एर्नेस्तो साबातो अध्यक्ष, त्यांनी १९८४ च्या अहवालात ८,९६१ बेपत्तांची यादी दिली आणि यादी अपुरी आहे हेही तिथेच लिहिलं. मानवाधिकार संघटना ३०,००० म्हणतात. मोर्च्यात तोच आकडा असतो. नंतर उजेडात आलेली कागदपत्रं आहेत, त्यात चिलीच्या गुप्तहेराने १९७८ च्या मध्यापर्यंतचा अर्जेंटिनी लष्कराचा स्वतःचाच हिशोब कळवलाय, मेलेले नि बेपत्ता मिळून २२,०००. आणि सध्याचे राष्ट्राध्यक्ष मिलेई २०२३ च्या निवडणुकीच्या चर्चेत सरळ म्हणाले ३०,००० नव्हते, ८,७५३ होते. त्यांचं सरकार २४ मार्चलाच स्वतःचा व्हिडिओ काढतं की मोन्तोनेरोससारख्या सशस्त्र संघटनांनी मारलेल्यांचीही आठवण काढा, 'पूर्ण' स्मृती हवी. त्यामुळे तिकडे तुम्ही कुठला आकडा उच्चारला यावरून तुम्ही कोणाचे ते ठरतं.

माझं मत विचाराल तर ज्यांनी नोंदीच ठेवल्या नाहीत, होत्या त्या जाळायचे हुकूम काढले, त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पुरावा मागावा हे जरा जास्तच होतं. त्या सशस्त्र संघटनांच्या बळींची आठवण काढायला कोणाची ना नाही, पण त्या घरांना निदान मृतदेह मिळाले होते.

बाईंनी योग्य सल्ला दिलाय, पाळा.

नारायणपेठी

आणि शिक्षा? का आपल्यासारखं 'चौकशी सुरू आहे'?

चष्मिस्ट

झाल्या, पण वळसे घेत. १९८५ मध्ये साध्या नागरी फौजदारी कोर्टात, लष्करी नाही, या सेनापतींवर खटला चालला, डिसेंबरात विदेला आणि मासेराला जन्मठेप. मग सैन्याने डोळे वटारले, १९८६-८७ मध्ये 'आता बास' आणि 'वरच्यांचे हुकूम पाळले' असे दोन कायदे करून बाकीच्यांना सोडलं. मग पुढच्या राष्ट्राध्यक्षाने, मेनेमने, १९८९-९० मध्ये माफी देऊन सेनापतींनाही सोडलं. २००३ मध्ये संसदेने ते कायदे रद्द केले, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवले आणि खटले परत सुरू. विदेला २०१३ मध्ये तुरुंगातच मेला. ८० वर्षांचे आरोपी व्हीलचेअरवर कोर्टात, अजून चालू आहे.

पाषाणची_लॅबवाली

पळवलेली नातवंडं शोधणाऱ्या आजींबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण माझ्या कामाशी संबंध आहे. उचललेल्या बायकांपैकी कित्येक गरोदर होत्या. त्यांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवायचं, मग बाळ घ्यायचं आणि आईला मारायचं. बाळं लष्करातल्या किंवा त्यांच्या ओळखीच्या घरात, खोट्या जन्मदाखल्यावर. अशी साधारण ५०० बाळं असं आजींची संघटना सांगते. १९७७ पासून या आज्या शोधतायत.

आता अडचण बघा. मूल सापडलं असं वाटलं तरी सिद्ध कसं करणार? आई-बाप दोघेही नाहीत, शरीरं पण नाहीत. तर या बायका अमेरिकेत शास्त्रज्ञांच्या दारात गेल्या, की आमच्या रक्तावरून नातू ओळखता येईल का. मेरी-क्लेअर किंग म्हणून जेनेटिक्सच्या शास्त्रज्ञ, त्यांनी यावर काम केलं. त्यातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे मायटोकॉन्ड्रियल डीएनए. हा फक्त आईकडून येतो, बापाकडून नाही. म्हणजे आईच्या आईचा जो, तोच आईचा, तोच मुलाचा, जवळपास जसाच्या तसा. मधली पिढी पुसली गेली तरी आजी आणि नातू जुळतात. मावशी असली तरी चालते, मामा असला तरी चालतो. १९८७ मध्ये यासाठी सरकारी जनुकीय बँक केली, आज्यांनी रक्त देऊन ठेवलं, की आम्ही मेलो तरी नातू कधीही येऊन तपासू शकेल. कित्येक आज्या गेल्या, रक्त आहे.

जुलै २०२५ मध्ये १४० वा नातू सापडला. आजींच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोतो, शाळेतल्या बाई होत्या, मुलगी लाउरा १९७८ मध्ये मारली गेली, त्यांचा स्वतःचा नातू २०१४ मध्ये सापडला. संगीतकार निघाला. तोपर्यंत त्या दुसऱ्यांचे शंभरच्या वर नातू शोधून बसल्या होत्या.

टेकडीफिरस्ता

हे वाचून एक प्रश्न. तो नातू म्हणाला की मला जाणूनच घ्यायचं नाही तर? माझे आई-बाबा हेच, मला नको तुमचं रक्त. पस्तीस-चाळीस वर्षांच्या माणसाला कसं सांगणार?

पाषाणची_लॅबवाली

असे आहेत ना. काही स्वतः शंका आली म्हणून आले, काही वर्षानुवर्षं टाळत राहिले कारण चाचणी दिली की ज्यांनी वाढवलं ते तुरुंगात जाणार, आणि प्रेम तर खरंच असतं. यावर तिथे खूप भांडण झालं. २००९ मध्ये कायदा झाला की कोर्ट नमुना घ्यायला सांगू शकतं, आणि माणसाने रक्त द्यायला नाही म्हटलं तर वापरातल्या वस्तूंवरून, म्हणजे टूथब्रश, कंगवा, कपडे. आजींची बाजू अशी की हा एकट्या माणसाचा खाजगी मामला नाही, गुन्हा अजून चालू आहे आणि दुसऱ्या टोकाला एक घर वाट बघतंय. मला स्वतःला अजून पटलंय की नाही ते माहीत नाही. लॅबमध्ये आम्ही संमतीपत्राशिवाय गालाचा स्वॅब पण घेत नाही.

मीनल_सहकारनगर

मला नाही वाटत हा संमतीचा प्रश्न आहे. ज्या मुलाला पळवलं त्याची संमती तेव्हा कोणी घेतली होती?

पाषाणची_लॅबवाली

ताई, मुद्दा बरोबर, पण पळवणाऱ्याची शिक्षा पळवलेल्याने का भोगायची, हा त्या मुलांचा प्रश्न असतो. दोन्ही बाजूंचे लोक एकाच कोर्टात रडलेले आहेत.

अनघा_स्पॅनिशवाली

आता ही मुलं ४६ ते ५० च्या दरम्यान आहेत, त्यांना मुलं आहेत. मी तिथे असताना टीव्हीवर जाहिरात लागायची, तुम्ही त्या वर्षांत जन्मलेले असाल आणि मनात शंका असेल तर फोन करा. परदेशात असलेल्यांसाठी वकिलातीतूनही नमुना देता येतो, चाचणीला पैसे पडत नाहीत.